जिव्हाळीची जखम

देवासहून आलेल्या एका पत्राने आम्हांस या आठवड्याचा विषय पुरविला आहे. पत्र एका गृहिणीचे आहे. त्यांच्या घरचा कुत्रा फाटकाच्या लोखंडी जाळीत पाय अडकून धडपडला, पुढच्या पायाचे एक नख मुळाशी उकलले आणि पडवीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत रक्ताचे ठिपके पडले. घरातील आठ वर्षांच्या मुलाने त्यास मांडीवर ओढून घेऊन फडके बांधण्याचा यत्न केला. कुत्र्याचे नख पुढे बरे झाले. परंतु मुलाच्या मनगटावर दातांच्या दोन बारीक खुणा होत्या आणि कुत्र्याला घरातून घालवून देतील या भीतीने त्याने त्या तीन दिवस बाहीखाली झाकून ठेविल्या होत्या, ही गोष्ट आईला चौथ्या दिवशी कळली. मुलास त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन लस सुरू केली, असे त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते वाचले तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. "अशा वेळी प्रथम काय करावे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम मुलांना बाजूस करावे, हे आमचे उत्तर. नख त्यानंतर.

हे उत्तर काही वाचकांस कठोर वाटेल. मुका जीव कळवळत असता आधी आपल्या हातांची काळजी करावयाची काय? पण नख तुटल्याने कुत्रा मरत नाही. रक्त पुष्कळ दिसते, फरशीवर तर ते आहे त्याहून दुप्पट दिसते. तथापि धडधाकट कुत्र्यास एका नखातून जाणाऱ्या रक्ताने सहसा धोका पोचत नाही. वेदना मात्र खरोखर असह्य असते, आणि वेदनेने वेडावलेला कुत्रा, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो, हाताशी येईल त्यास चावतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो. ज्या हाताने रोज भाकरी घातली तोच हात त्या क्षणी त्यास दुखविणारा हात असतो.

वेदना इतकी का होते, हे समजण्यास नखाची रचना पाहिली पाहिजे. कुत्र्याच्या नखाचे बाहेरचे कवच आपल्या नखासारखेच कठीण व निर्जीव असते. आत मात्र मऊ, गुलाबी असा एक भाग असतो. त्यात रक्तवाहिनी असते व मज्जातंतूही असतो. आपल्या मराठीत या भागास जिव्हाळी असा सुरेख शब्द आहे. माणसाचे नख खोल कापले गेले की जिव्हाळी लागली, असे आपण म्हणतो. पांढऱ्या नखाच्या कुत्र्यात ही जिव्हाळी उजेडात धरल्यास बाहेरून दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही. कवचाचे नुसते टोक तुटले तर कुत्र्यास फारसे कळतही नाही. पण कवच चिरले, लोंबू लागले किंवा समूळ निघून आले, तर जिव्हाळी उघडी पडते व तिला वाऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. या नखाचे मूळ बोटाच्या शेवटच्या हाडाशी जोडलेले असते, म्हणून ही जखम दिसण्यात लहान असली तरी तिची हेळसांड करून चालत नाही. तिच्यातून शिरलेला पू हाडापर्यंत पोचला, तर कधी कधी बोटच कापावे लागते.

धार आणि देवास या भागातील वाचकांस हा प्रसंग अनोळखी नसावा. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आकसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गव्हाची कापणी झाल्यावर रानात धसकट उभे राहते. सशामागे किंवा मांजरामागे भरधाव धावणारा कुत्रा या दोहोंतून पाय सोडवून घेतो, तेव्हा नख मागे राहते. देवासच्या चामुंडा टेकडीच्या पायऱ्यांवर धावणाऱ्या कुत्र्यांनाही दगडांच्या फटी असतातच.

गावातील कारण निराळे आहे. अठराव्या शतकात पवारांबरोबर जी मराठी कुटुंबे या दोन्ही ठिकाणी आली, त्यांच्या वाड्यांना दगडी फरसबंदीचे चौक असत. कुत्रा चौकात व वाड्याबाहेर राहत असे. दगडावर चालून चालून त्याची नखे आपोआप झिजत. आता नव्या वसाहतींतून तो घरात आला आहे व गुळगुळीत फरशीवर हिंडतो. त्याची नखे वाढत जातात, वाकतात, आणि एके दिवशी गालिच्याच्या दोऱ्यात, दाराच्या जाळीत वा पलंगपोसाच्या किनारीत अडकतात. लाडाने वाढविलेल्या कुत्र्यावर ही पाळी अधिक येते ती यामुळे.

आता उपचार. मुले दुसऱ्या खोलीत गेली, दार लावले, की घरातील ज्या माणसावर कुत्र्याचा सर्वांत जास्त विश्वास आहे अशा एकानेच त्याच्याजवळ जावे. दुसरा मदतीस असावा. तिसऱ्याचे तेथे काम नाही. आवाज हलका ठेवावा. गळ्यातील पट्ट्यास दोरी लावून घ्यावी. नंतर मुसके बांधावे. मळणीच्या वेळी बैलास मुसके घालतात ते वाचकांनी पाहिले असेल. कुत्र्यासाठी पुरेशा लांबीची मऊ पट्टी, जुन्या ओढणीची किंवा बँडेजची, पुरते. पट्टीच्या मध्यावर सैल फास करून तो जबड्यावरून चढवावा, हनुवटीखाली एक गाठ द्यावी आणि दोन्ही टोके कानांमागे नेऊन सुरगाठ मारावी, म्हणजे हवी तेव्हा ती एका ओढीने सुटते. कुत्रा ओकत असेल, त्यास धाप लागली असेल किंवा तो पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर मुसके बांधू नये. त्याचा श्वास कोंडेल. इतरांनाही ते काही मिनिटांपलीकडे ठेवू नये. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो शरीर थंड करतो, आणि माळव्याच्या वैशाखात बांधलेले तोंड हा नखाहून मोठा धोका होय.

मग स्वच्छ सुती फडक्याची घडी नखावर ठेवून घट्ट दाबून धरावी. घड्याळ पाहून पाच ते दहा मिनिटे. या अवधीत फडके उचलून "थांबले का?" असे पाहण्याचा मोह आवरावा, दर वेळी उचलले की धरू लागलेली खपली फडक्याबरोबर निघून येते व सारे पहिल्यापासून सुरू होते. आमच्या मते साऱ्या उपचारात चुकते ते येथेच. माणसे औषध शोधावयास धावतात, आणि औषध तर हातातच असते. नुसते टोक तुटून रक्त येत असेल, तर चिमूटभर मक्याचे पीठ टोकावर दाबून बसवावे, किंवा न्हावी दाढीनंतर लावतो त्या तुरटीचा ओला खडा क्षणभर टेकवावा. तुरटी झोंबते, हे मात्र लक्षात असू द्यावे. जिव्हाळी सबंध उघडी पडली असेल तर तिच्यावर पीठही नको आणि तुरटीही नको. तेथे केवळ दाब.

रक्त थांबल्यावर पायास माती लागलेली असेल तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने तो हळुवार धुवावा. अर्धा लिटर पाण्यास सपाट लहान चमचाभर मीठ पुरे. धुताना पुन्हा रक्त आल्यास पुन्हा दाबावे. पाय टिपून कोरडा करावा, बोटांच्या मधे थोडा कापूस ठेवावा, जखमेवर निर्जंतुक गॉज ठेवून बोटांकडून वर असे बँडेज गुंडाळावे. ते आवळून बांधू नये. पाऊल सुजले, थंड पडले किंवा कुत्रा बँडेज एकसारखे कुरतडू लागला, तर ते घट्ट झाले असे समजून सोडावे. काही घरांत बँडेज निसटू नये म्हणून वरून रबराचे कडे चढवितात. ते केसांत दडून विसरले जाते व एका रात्रीत पायाचा रक्तपुरवठा तोडते; रबर कधीही लावू नये. बाहेर नेताना पावसात प्लास्टिकची पिशवी चढवावी, घरी येताच काढावी. ओले बँडेज हे बँडेज नसल्याहून वाईट.

लोंबणारे नख ओढून काढावे काय, असे पुष्कळ जण विचारतात. आमचे मत, नाही. केवळ एका धाग्यावर लटकलेला कवचाचा तुकडा कुत्रा शांत असेल तर कात्रीने कापता येतो. पण मुळाशी धरून असलेले नख ओढणे म्हणजे भूल न देता दात उपटणे होय. पशुवैद्य तो भाग बधिर करून किंवा कुत्र्यास गुंगी देऊन ते काढतात, आणि तेच योग्य.

घरगुती उपायांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. चुना, तंबाखू, तिखट, रॉकेल, इतकेच नव्हे तर तापल्या विळ्याचा डाग, हे सर्व अजूनही कोठे कोठे चालते. यांतील एकही उघड्या जिव्हाळीवर लावू नये. हळदीने त्या मानाने अपाय कमी. पण जखमेत ठासलेली हळद आतील घाण झाकते आणि पशुवैद्यास ती आधी धुऊन काढावी लागते. फिनाईल किंवा पाणी न घातलेले डेटॉल कुत्रा चाटून पोटात घेतो व ते विषारी ठरते. आणि याहून मोठी गोष्ट गोळ्यांची. आपल्या डोकेदुखीची किंवा सांधेदुखीची गोळी गुळात घालून कुत्र्यास चारणारी प्रेमळ माणसे पुष्कळ आहेत. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलने यकृतास इजा होते. घरात मांजर असेल तर तिला पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरते. डायक्लोफेनॅक जनावरांस देण्यावर भारत सरकारने २००६ साली बंदी घातली ती गिधाडांसाठी. औषध दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडाच्या विकाराने मरत होती. ज्या औषधाने आकाशातील गिधाडे संपत आली, ते आपल्या कुत्र्याच्या तोंडी घालण्यापूर्वी माणसाने थांबावे.

कुत्र्याच्या जिभेत औषध असते, म्हणून त्यास जखम चाटू द्यावी, ही समजूत जुनी आहे. शुभवर्तमानातील गरीब लाजरसचे फोड कुत्री चाटतात, आणि संत रॉक यांच्या चित्रात पायाशी कुत्रा असतो, त्यावरून ख्रिस्ती घरांतही ती मुरली आहे. वस्तुतः लूक यांच्या त्या कथेत कुत्र्यांनी लाजरसला बरे केले असे कोठेही म्हटलेले नाही; ज्याच्याकडे धनवानाने पाहिले नाही त्याच्याजवळ कुत्री आली, एवढेच तेथे आहे. लाळेने जखम थोडी स्वच्छ होते हे खरे, परंतु खरखरीत जिभेने खपली निघते व तोंडातील जंतू आत जातात. म्हणून बँडेजवर स्वच्छ मोजा चढवावा, किंवा पशुवैद्यांकडे मिळते ते नरसाळ्यासारखे प्लास्टिकचे कडे गळ्यात घालावे. त्यात कुत्रा मोठा केविलवाणा दिसतो व दोन दिवस सर्वांवर रुसतो, रुसू द्यावे.

दाबून धरूनही अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, नख मुळाशी तुटले, बोट वाकडे दिसले, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज, दुर्गंधी वा पू आला, तर विलंब न लावता पशुवैद्य गाठावा. पावसाळ्यात माश्या उघड्या जखमेवर अंडी घालतात व एक-दोन दिवसांतच अळ्या पडतात. तेथेही घरचे टर्पेंटाइन नको, दवाखानाच हवा. एकामागून एक अशी अनेक नखे गळू लागली तर ती इजा नसून रोग असतो. धार व देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या गावी सरकारी पशुचिकित्सालये आहेत. अवघड प्रकरणासाठी महू येथील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९५५ साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही गावांहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकी जवळ आहे. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास पशुवैद्यकाची फिरती गाडीही मागविता येते.

आता पुन्हा त्या मुलाच्या मनगटाकडे वळतो. कारण पत्रातील खरी जखम ती आहे. रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, याची लक्षणे एकदा माणसात दिसू लागली की त्यातून जवळजवळ कोणीही वाचत नाही. पण चावल्यानंतर आणि लक्षणांपूर्वी जो काळ मिळतो, त्यात तो पुरता टाळता येतो. वैद्यकात असे रोग फार थोडे. दात लागला, ओरखडा उठला, किंवा आपल्या हातावरील कापल्या जागी कुत्र्याची लाळ लागली, तर ती जागा नळाच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ वाटतो त्याहून लांब आहे. येथेही घड्याळच पाहावे. मिरची, चुना, कॉफीची पूड यांपैकी काहीही भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सरकारी रुग्णालयात ही लस विनामूल्य मिळते. रक्त निघाले असेल तर जखमेभोवती निराळे प्रतिद्रव्यही टोचावे लागते. त्याविषयी डॉक्टरांस आपण होऊन विचारावे. दिवस गेले असले तरी जावे. उशीर झाला म्हणून न जाणे याला अर्थ नाही.

वडीलधारी मंडळी अजूनही "पोटात चौदा इंजेक्शने" असे म्हणून मुलांना भिववितात. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून तयार होत असे. तिची पद्धत कसौली येथे १९११ साली डेव्हिड सेंपल यांनी बसविली होती. ती फार दुखत असे आणि क्वचित मेंदूवर दुष्परिणामही करी. भारतात २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आजची लस दंडात देतात, लहानग्यांस मांडीत, आणि महिन्याभरात चार किंवा पाच फेऱ्यांत ती पुरी होते. चौदा इंजेक्शनांची भीती दाखविणारा आजोबा नातवाला कुत्र्यापासून दूर ठेवीत नाही. चावल्याची गोष्ट लपवावयास मात्र शिकवितो.

कुत्र्याला दर वर्षी लस टोचलेली असली तरीही मुलास डॉक्टरांकडे न्यावे आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. कुत्र्याला हाकलून देऊ नये. हाकललेला कुत्रा नजरेआड होतो, आणि तो निरोगी होता की नाही हे मग कोणालाच सांगता येत नाही. मुलांस आजच सांगून ठेवावे की, कुत्रा चावला असे सांगितल्याने कुत्र्याला शिक्षा होणार नाही. हे वचन आईबापांनी पाळलेही पाहिजे.

रस्त्यावरील कुत्रा लंगडताना दिसला तर त्यास धरावयास जाऊ नये. त्याने लस घेतली आहे की नाही ठाऊक नसते. लांबून पाणी ठेवावे, खाणे ठेवावे व जाणत्यास कळवावे. भटक्या कुत्र्याची अशी जखम पुष्कळदा आपोआप सुकते.

पाळलेल्या कुत्र्याच्या नखांकडे तीन-चार आठवड्यांनी एकदा पाहावे. फरशीवर चालताना टकटक आवाज येऊ लागला की नखे वाढली. न्हाव्याची नऱ्हाणी किंवा आपले नखे कापण्याचे यंत्र येथे उपयोगी नाही. कुत्र्याचे नख गोल असते, ते दाबून चिरते. कुत्र्यांसाठी निराळी कात्री मिळते. तिने टोकाचा थोडा थोडाच भाग घ्यावा, काळ्या नखात तर गव्हाच्या दाण्याएवढाच. अशी वरचेवर कापली तर जिव्हाळीही हळूहळू मागे सरते. पिलू असतानाच रोज पंजा हातात घेऊन दाबण्याची सवय लावावी, म्हणजे पुढे अडचणीच्या वेळी तो पाय ओढून घेणार नाही. आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूस, जमिनीपासून वर, केसांत दडलेले जे पाचवे नख असते ते प्रत्येक वेळी चाचपून पाहावे. ते जमिनीस टेकत नाही, म्हणून झिजत नाही. वाढत वाढत गोल वळून कधी कधी कातडीतच रुतते. रानात राखणीला असणाऱ्या कुत्र्याची बाकीची नखे कापावी लागत नाहीत, हे एक मात्र कापावे लागते.